रिदम गेमचा सराव: कान, नजर आणि बोटे यांचा हिशेब वेगळा ठेवा

रिदम गेमचा नियम एकच असतो. गाण्याच्या ठेक्यावर पडद्यावर येणारी खूण, जिला आता सगळेच नोट म्हणतात, ती नेमक्या क्षणी दाबायची. नियम इतका सोपा असल्यामुळे पहिले काही दिवस प्रगती झपाट्याने होते आणि त्यानंतर बहुतेक नवखे खेळाडू एका पातळीवर येऊन अडकतात. तिथून सुटण्यासाठी त्यांना सहसा एकच उपाय सुचतो, तो म्हणजे न जमणारे गाणे पुन्हापुन्हा खेळत राहणे. परंतु नोट चुकण्याची कारणे वेगवेगळी असतात. कधी ती वेळेत वाचताच येत नाही, कधी वाचता येते पण ठोका मनात पक्का नसतो, आणि कधी हे दोन्ही ठीक असूनही बोट तिथे पोहोचत नाही. यांपैकी आपले दुखणे कोणते हे न तपासता केलेली मेहनत बरीचशी वाया जाते, कारण प्रत्येकावरचा सराव निराळा आहे.

ठाणे आणि नवी मुंबईतील मुलांमध्ये हा फरक चांगलाच दिसून येतो. गणेशोत्सवाच्या आधी ढोल-ताशा पथकात रोज संध्याकाळी वाजवणारा किंवा नौपाड्यात तबल्याच्या क्लासला जाणारा मुलगा पहिल्यांदा असा खेळ उघडतो, तेव्हा त्याचा कान तयार असतो आणि त्याची तारांबळ उडते ती वरून कोसळणाऱ्या नोटा वाचताना. याउलट मोबाइलवर नेमबाजीचे खेळ खेळून नजर तीक्ष्ण झालेली मुलगी एकही नोट सहसा सोडत नाही, पण नोट दाबण्याच्या रेषेला टेकलेली दिसल्यावर दाबते, त्यामुळे तिचे बरेचसे ठोके किंचित उशिरा पडतात. या दोघांना एकच सराव सांगण्यात अर्थ नाही.

पहिली पायरी: एकच खेळ निवडा

या प्रकारच्या खेळांना मोठी परंपरा आहे. जपानच्या कोनामी कंपनीने १९९७ मध्ये 'बीटमॅनिया' आणि १९९८ मध्ये 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' ही आर्केड यंत्रे आणली, नामकोचा ढोलाचा 'तैको नो तात्सुजिन' २००१ मध्ये आला, आणि २००७ मध्ये 'ओसू' हा संगणकावरचा मोफत खेळ सुरू झाला, ज्यात गाण्यांचे मॅप, म्हणजे गाण्यावर बसवलेल्या नोटांची मांडणी, खेळाडू स्वतःच बनवतात. मोबाइलवर 'सायटस', 'आर्केया', 'फिग्रोस' असे अनेक पर्याय आहेत. नवख्याने यांतील एकच निवडून निदान तीन महिने तरी तोच खेळावा, कारण प्रत्येक खेळात नोटा येण्याची दिशा, बोटांची ठेवण आणि वेळेची सूट वेगळी असते.

घरात संगणक किंवा लॅपटॉप असेल तर मी 'ओसू' सुचवेन, कारण चुकांचा इतका तपशीलवार हिशेब मोबाइलवरचे खेळ क्वचितच देतात. त्यात चार प्रकार आहेत. त्यांतील 'मॅनिया' प्रकारात चार रांगांसाठी डी, एफ, जे आणि के या कळांवर चार बोटे ठेवायची असतात, आणि 'तैको' प्रकारात लाल व निळ्या अशा दोनच जातींच्या नोटा असल्यामुळे ज्याला ठेक्यावरच लक्ष केंद्रित करायचे आहे त्याच्यासाठी तो उत्तम आहे. फक्त मोबाइल असेल तर तेवढ्यावरही काम भागते.

दुसरी पायरी: आवाज आणि पडदा यांची जुळणी

हा भाग लोक कंटाळून सोडून देतात आणि मग महिनोन्महिने स्वतःच्या हाताला दोष देत बसतात. म्हणून तो सविस्तर सांगतो.

ब्लूटूथ इअरफोनमधून आवाज कानापर्यंत येण्यास सर्वसाधारणपणे १०० ते २५० मिलिसेकंद उशीर होतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या, म्हणजे १२० बीपीएमच्या गाण्यात एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते आणि तिचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. याचा अर्थ असा, की गाण्यातील ठोका तुम्हाला ऐकू येईपर्यंत पडद्यावर कदाचित पुढची नोट येऊन ठेपलेली असते. सेटिंगमध्ये ऑफसेट, म्हणजे आवाज आणि नोटा यांच्या वेळेतील फरकाचा आकडा, देऊन हा उशीर भरून काढता येतो खरा, पण ब्लूटूथचा उशीर नेहमी सारखा राहीलच याची खात्री नसल्यामुळे सरावासाठी वायरचे इअरफोन वापरावेत. बऱ्याच नव्या फोनला गोल पिनची जागा नसते. अशा फोनसाठी टाइप-सी पिनचे इअरफोन ठाणे स्टेशनबाहेरच्या कोणत्याही मोबाइलच्या दुकानात मिळतात. मात्र विकत घेण्यापूर्वी ते आपल्याच फोनला लावून पाहावेत, कारण सगळे इअरफोन सगळ्या फोनवर चालत नाहीत, आणि आयफोनसाठी विकले जाणारे काही स्वस्त इअरफोन तर दिसायला वायरचे पण आतून ब्लूटूथचेच असतात.

वायर लावल्यानंतर खेळातील कॅलिब्रेशन करावे. त्यात एक संथ ठोका ऐकवला जातो आणि त्यावर टॅप करायचे असते. हे करताना डोळे मिटून घ्यावेत, म्हणजे उत्तर कानाचे येते. तीन-चार वेळा करून येणाऱ्या आकड्यांची सरासरी घ्यावी आणि तोच ऑफसेट कायम ठेवावा. एखादे गाणे बिघडले म्हणून रोज ऑफसेट बदलणाऱ्याचा हात कशावरच स्थिरावत नाही.

फोनवर खेळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. टॅप केल्यावर खेळ जो 'टक' असा आवाज देतो तो बऱ्याच अँड्रॉइड फोनवर बोट टेकल्यानंतर जाणवण्याइतक्या उशिराने येतो, आणि तो आवाज गाण्याशी जुळवण्याच्या नादात बोट नकळत लवकर पडू लागते. हा आवाज सरळ बंद करावा किंवा अगदी बारीक ठेवावा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर पडदा अडखळतो, म्हणून तो बंद असावा. नोटिफिकेशनही बंद असाव्यात. सोसायटीच्या ग्रुपवर 'उद्या पाणी येणार नाही' हा निरोप नेमका कॉम्बो, म्हणजे न चुकता लागलेल्या नोटांची साखळी, ऐन रंगात असताना येतो. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः मे महिन्यात आणि पावसाळ्यात, बोट काचेला चिकटते आणि बोट घसरवत न्यायच्या नोटा तुटतात. सुती रुमाल जवळ ठेवून प्रत्येक गाण्यानंतर काच आणि बोटे पुसणे पुरेसे असते. त्यानेही भागले नाही तर मोबाइल गेमसाठी मिळणाऱ्या कापडी फिंगर स्लीव्ह वापराव्यात.

तिसरी पायरी: नोटांचा वेग वाढवा

नवख्याला हा सल्ला उलटा वाटतो. नोटा हळू आल्या तर वाचायला वेळ मिळेल असे समजून तो स्क्रोल स्पीड सर्वांत कमी ठेवतो. प्रत्यक्षात नोटा हळू सरकतात तेव्हा पडद्यावर एका वेळी पुष्कळ नोटा गर्दी करून उभ्या राहतात आणि कोणती आधी, कोणती नंतर हेच कळेनासे होते. वेग वाढवला की गाणे वेगाने वाजत नाही; फक्त नोटांमधील अंतर वाढते आणि त्या सुट्या दिसू लागतात. 'ओसू'च्या मूळ प्रकारात नोटा वरून न येता पडद्यावर वर्तुळांच्या रूपात उमटतात; तिथे याच गोष्टीला अप्रोच रेट म्हणतात. तो ५ असेल तर नोट दाबण्याच्या १२०० मिलिसेकंद आधी दिसू लागते, ९ असेल तर ६०० मिलिसेकंद आधी. तिथे हा आकडा मॅपसोबत ठरलेला असतो, पण उभ्या रांगांच्या बहुतेक खेळांत स्क्रोल स्पीड आपल्या हातात असतो. तो दर आठवड्याला किंचित वाढवावा, आणि नोट वाचण्याआधीच ती निघून जाते असे वाटू लागले की एक पायरी मागे येऊन तिथे थांबावे.

नजर कुठे ठेवायची हेही ठरवून शिकावे लागते. ज्या रेषेवर नोट दाबायची असते तिथे नजर खिळवली की आपण फक्त आताची नोट पाहतो. नजर रेषेच्या बरीच वर, जवळजवळ पडद्याच्या मध्यावर ठेवावी, आणि दाबण्याचा क्षण कानावर सोपवावा. सुरुवातीला चार-पाच दिवस गुण घसरतील. ते घसरू द्यावेत.

चौथी पायरी: मात्रा तोंडाने म्हणा

कानाचा सराव खेळाबाहेर करावा, आणि आपल्याकडे त्यासाठी तयार साधन आहे. तबला शिकणारा विद्यार्थी बोल वाजवण्याआधी हाताने टाळी धरून तोंडाने म्हणतो, त्याला पढंत म्हणतात. एकतालाच्या ठेक्यात 'धागे' एका मात्रेत दोन अक्षरांचे आहे आणि 'तिरकिट' एका मात्रेत चार अक्षरांचे. रिदम गेमच्या नोटाही अशाच मात्रेचे दोन, तीन किंवा चार भाग करून बसवलेल्या असतात. तेव्हा मात्रेवर एक नोट असेल तर 'धा', दोन असतील तर 'धागे', तीन असतील तर 'तकिट' आणि चार असतील तर 'तिरकिट' असे म्हणायचे, एवढे ठरवून घेतले की कोणताही तुकडा तोंडाने म्हणता येतो. ज्याला तबल्याचा गंध नाही त्यालाही हे अर्ध्या तासात जमते.

यासाठी ठाणे-वाशी लोकलचा प्रवास अतिशय उपयोगी आहे. उभ्याने, एका हाताने कडी धरून गुणांसाठी खेळण्यात काही हशील नाही. ऐरोली-घणसोलीपर्यंत अंगठा दुखायला लागतो आणि धक्क्यांनी नोटा चुकतात त्या वेगळ्याच. त्याऐवजी ज्या गाण्याचा सराव चालू आहे ते कानात लावावे, मोकळ्या हाताच्या बोटाने पिशवीवर मात्रा धरावी आणि आधी धा, मग धागे, मग तिरकिट अशी दुगुन-चौगुन मनातल्या मनात म्हणावी. तिगुन, म्हणजे तकिट, मुद्दाम वेगळी करावी, कारण चौगुनीतून तिगुनीत येताना भल्याभल्यांची लय पळते.

पाचवी पायरी: अवघड तुकडा शेवटापासून बांधा

एक उदाहरण जवळून पाहू. चार रांगांच्या खेळात १२० बीपीएमचे गाणे आहे आणि त्यात चार मात्रांचा एक तुकडा वारंवार चुकतो: 'धा, धागे, तिरकिट, धा'. 'तिरकिट'च्या चार नोटा डी, एफ, जे, के अशा डावीकडून उजवीकडे जातात आणि त्यानंतरचा 'धा' पुन्हा के वरच येतो. खेळाडूला वाटते की आपल्याला 'तिरकिट' वेगात जमत नाही, म्हणून तो चार नोटांचाच सराव करत बसतो. रिप्ले संथ करून पाहिला तर दिसते की चारही नोटा व्यवस्थित लागल्या आहेत. 'ट' दाबल्यावर उजवे मधले बोट वर उचललेच गेलेले नाही आणि १२५ मिलिसेकंदांनी आलेल्या 'धा'ला कळ आधीच दाबलेली आहे. म्हणजे अडचण दाबण्यात नसून उचलण्यात आहे.

आता 'ओसू'मधील हाफ टाइम हा पर्याय लावावा. त्याने गाणे पाऊणपट वेगाने वाजते, म्हणजे १२० चे ९० बीपीएम होते आणि त्या दोन नोटांमधील अंतर १२५ ऐवजी सुमारे १६७ मिलिसेकंद होते. (नव्या आवृत्तीत हा वेग अर्ध्यापर्यंत हवा तितका कमी करता येतो.) खेळ बाजूला ठेवून या संथ लयीत टेबलावर आधी फक्त 'ट धा' करावे आणि बोट पूर्ण सुटे होते आहे याकडे लक्ष द्यावे. मग 'किट धा', मग 'तिरकिट धा', आणि शेवटी पूर्ण तुकडा. असे शेवटापासून मागे बांधत आले की प्रत्येक वेळी हात अनोळखी भागातून ओळखीच्या भागात येतो, त्यामुळे शेवट डळमळत नाही. त्यानंतर संथ गाण्यात तो तुकडा खेळावा, आणि लागोपाठ चार-पाच वेळा निर्धास्तपणे गेल्यावरच मूळ वेग लावावा.

या ठिकाणी एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. पहिली नोट सुटली की लगेच गाणे पुन्हा सुरू करणारे पुष्कळ आहेत. त्यांची पहिली वीस सेकंदे इतकी पक्की होतात की झोपेतही वाजतील, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटापर्यंत ते आठवड्यातून एकदा पोहोचतात. गाणे पूर्ण खेळण्याची सक्ती स्वतःवर करावी. तसेच एखादा तुकडा चुकीच्या बोटांनीच हातात बसला असेल तर तो घासत बसू नये. ते गाणे दोन आठवडे बाजूला ठेवावे. खोड आपोआप सैल होते.

सहावी पायरी: निकालाचा पडदा वाचा

नवखा खेळाडू ग्रेड पाहतो आणि पुढे जातो. खरी माहिती उशिरा आणि लवकर दाबलेल्या नोटांच्या हिशेबात असते. 'ओसू'मध्ये खेळताना खाली एक पट्टी असते, तिच्यावर प्रत्येक ठोक्याची बारीक रेघ उमटते, मध्याच्या डावीकडे लवकरची आणि उजवीकडे उशिराची. निकालात दोन आकडे पाहावेत. एक म्हणजे सरासरी चूक, आणि दुसरा अनस्टेबल रेट, जो ठोके किती विखुरलेले आहेत हे सांगतो. त्याला दहाने भागले की विखुरण्याचे प्रमाण मिलिसेकंदांत मिळते. हा दर १५० असेल तर ठोके साधारण १५ मिलिसेकंदांनी मागेपुढे होत आहेत.

या दोन आकड्यांचा अर्थ वेगळा लावायचा असतो. सगळ्या गाण्यांत, सोप्या काय आणि अवघड काय, सरासरी सारखीच २० मिलिसेकंद उशिराची येत असेल आणि विखुरणे कमी असेल, तर हात चांगला आहे आणि ऑफसेट चुकला आहे. सोप्या गाण्यांत सरासरी शून्याजवळ आणि अवघड गाण्यांतच उशिराची येत असेल, तर खेळाडू दाट जागी कान सोडून नजरेवर खेळतो आहे. त्याने तिसऱ्या पायरीकडे परत जावे. सलग वेगवान नोटांत रेघा डावीकडे सरकत असतील तर लय पळते आहे, त्यावर पढंतीसारखे औषध नाही. आणि सरासरी ठीक असूनही रेघा दोन्ही बाजूंना पसरलेल्या असतील तर गाणे आपल्या पातळीच्या वरचे आहे, ते सोडून खाली यावे.

किती नेमकेपणा लागतो याचा अंदाज असावा म्हणून सांगतो: 'ओसू'च्या मूळ प्रकारात मॅपची अचूकतेची पातळी ५ असेल तर एका नोटेच्या पूर्ण ३०० गुणांसाठी साधारण ५० मिलिसेकंद मागेपुढे चालते, आणि ८ असेल तर ३२ मिलिसेकंद. म्हणजे सुरुवातीला १५० चा दरही चिंतेचा नाही.

रोज किती आणि कसे

रोज अर्धा ते पाऊण तास पुरतो. रविवारी सलग पाच तास खेळून उरलेले सहा दिवस हात न लावण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक आहे, कारण हाताला शिकवलेली गोष्ट मधल्या झोपेत मुरते. पहिली काही मिनिटे आपल्या पातळीपेक्षा बऱ्याच सोप्या गाण्यांवर हात मोकळा करावा. नंतर सुमारे पंधरा मिनिटे एकच तुकडा वर सांगितल्याप्रमाणे सोडवावा. उरलेल्या वेळात, आणि हे बहुतेक जण करत नाहीत, कधीही न खेळलेली गाणी प्रत्येकी एकदाच खेळावीत. पाठ झालेल्या गाण्यात आपली नजर किती तयार झाली हे कळत नाही. ते अनोळखी गाण्यातच कळते. शेवटचे एक गाणे आवडीचे घ्यावे आणि त्याचा निकाल पाहूच नये.

मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपवावा. बोटे सुन्न पडत असतील किंवा मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवावे, 'जाईल हळूहळू' म्हणून चालवून घेऊ नये. कळ जोरात दाबल्याने गुण वाढत नाहीत, फक्त हात लवकर थकतो; शिवाय रात्री अकरानंतर वन बीएचकेमध्ये मेकॅनिकल कीबोर्ड बडवण्याचे परिणाम घरात प्रत्येकाला ठाऊक असतात.

मॉलमधील नाचाचे यंत्र

गेम झोनमध्ये पायाने खेळायचे यंत्र मिळाले तर जरूर खेळावे. 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'मध्ये चार बाण असतात, तर 'पम्प इट अप' या कोरियन यंत्रावर चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागा. पहिल्या प्रकारात नवखे प्रत्येक पावलानंतर पाय मध्यभागी परत आणतात, त्यामुळे पावलांची संख्या दुप्पट होते आणि दम लागतो. पाय जिथे पडला तिथेच राहू द्यावा आणि पुढची नोट दुसऱ्या पायाने घ्यावी. चप्पल घालून चढू नये.

पातळी कधी वाढवावी

'ओसू'मध्ये मॅपची अवघडता ताऱ्यांत मोजतात: २ पेक्षा कमी तारे म्हणजे ईझी, २.७ पर्यंत नॉर्मल, ४ पर्यंत हार्ड, आणि ५.३ पर्यंत इन्सेन. एखाद्या पातळीची अनोळखी गाणी पहिल्याच खेपेला ९५ टक्क्यांच्या आसपास अचूकतेने जाऊ लागली की अर्ध्या ताऱ्याने वर जावे, पूर्ण ताऱ्याने नव्हे. मोबाइलवरच्या खेळांत हेच एकेका पातळीने करावे. वर गेल्यावर अचूकता ८५ च्या खाली राहिली तर आठवडाभर दोन्ही पातळ्या आलटूनपालटून खेळाव्यात. फुल कॉम्बो, म्हणजे एकही नोट न चुकवता पूर्ण गाणे, मिळाल्याशिवाय पुढे जायचे नाही असा नियम काही जण करतात. माझ्या मते तो नवख्याला जागीच खिळवून ठेवतो, कारण एका नोटेसाठी महिनाभर थांबलेला खेळाडू त्या महिन्यात शेकडो नव्या रचना वाचू शकला असता.